खिडकीजवळचं टेबल

विड्या वळून वळून बोटांची टोकं गुळगुळीत होतात. तेंदूची ओली पानं कातरीनं कापायची, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं हजाराच्या हिशेबानं, तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं. सोलापूरच्या पूर्व भागात अशी बोटं घराघरांत आहेत. रेशनच्या दुकानात, बँकेत, हयातीच्या दाखल्याला या बायका अंगठा ठेवतात, पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात, आणि मग तेच वाक्य ऐकू येतं, "मशीन अंगठाच घेईना ओ." माझी आईही विड्या वळायची. त्यामुळे आमच्या वाचनालयात इंटरनेटची सोय करावी का, हा विषय निघाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी हे अंगठे आले.

मी या वाचनालयाची ग्रंथपाल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांच्या घरात वाचनालयं राज्यात आहेत. अ, ब, क, ड अशी वर्गवारी आणि त्यानुसार अनुदान. आमचं 'ब' वर्गातलं. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी मोठी, नावाजलेली संस्था आहे. तिच्यापुढे आम्ही गल्लीतले. खाली मुक्त वाचन कक्ष, तिथं मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू पेपर येतात. वर अभ्यासिका, तिथं स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात. अनुदान हप्त्यांनी येतं आणि त्यातलं बरंचसं मानधनात आणि ग्रंथखरेदीत संपतं. नवीन काही स्वतःच्या पैशानं उभं करणं आमच्या हातात नव्हतं. जे उभं करायचं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना मागूनच.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विषय मांडला तेव्हा विरोध झाला, आणि तो मनापासून होता. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, वाचनालय म्हणजे पुस्तकं. आपण सेतू कार्यालय काढणार का?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याआधी आमच्या जुन्या कार्यवाहांनी दिलं. ते गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं, की ते लहान असताना याच कक्षात संध्याकाळी एक जण मोठ्यानं पेपर वाचायचा आणि बाकीचे कामगार ऐकायचे. गावाकडची पत्रं इथंच वाचून घेतली जायची, मनीऑर्डरचे फॉर्म इथंच भरून मिळायचे. "ज्याला वाचता येत नव्हतं त्याला आपण बाहेर नाही काढलं. आता ज्याला फोन वाचता येत नाही, त्याला का काढायचं?" ठराव झाला. पण त्यात एक अट घातली गेली, आणि ती मला आजही योग्य वाटते: वाचनाच्या वेळेला धक्का लागता कामा नये. म्हणून दुपारची वेळ ठरली, दोन ते पाच. दुपारी कक्ष रिकामा असतो आणि बायकांनाही सकाळचं काम आटोपून तेव्हाच सवड मिळते.

पहिलं दार ठोठावलं ते आमच्या भागातल्या केबलवाल्याचं. आता तोच फायबरची जोडणीही देतो. त्याचा खांब आमच्या भिंतीला लागून. महिन्याचे पूर्ण पैसे आम्हाला झेपणार नाहीत, हे मी सरळ सांगितलं. तो अर्ध्या दरात तयार झाला. बदल्यात राउटरजवळ त्याच्या नावाची एक छोटी चिठ्ठी लावायची, आणि तक्रार आली तर आधी त्याला फोन करायचा, इकडंतिकडं बोलायचं नाही. दोन्ही मान्य. सरकारच्या पीएम-वाणी योजनेचाही विचार झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि तिच्यात चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. पण आम्हाला पाच रुपयांचं कूपन विकायचं नव्हतं, त्यामुळे साधी जोडणीच बरी वाटली. सायबर कॅफेंसाठी २०११ चे नियम आहेत. ओळखपत्र पाहायचं, कोण कधी बसलं त्याची नोंदवही ठेवायची आणि ती किमान वर्षभर जपायची. आम्ही काही सायबर कॅफे नाही, पण नोंदवहीची पद्धत तेवढी उचलली. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर असावं.

संगणक एका अभियांत्रिकी महाविद्यालयानं दिले. त्यांची प्रयोगशाळा नवी झाली होती, जुने यंत्रसंच कोपऱ्यात पडून होते. रीतसर पत्र, रीतसर पोच. विद्यार्थ्यांनी त्यांवर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकून दिली, मराठी आणि तेलुगू दोन्ही टंकलेखनाची सोय केली. इतक्या जुन्या यंत्रांवर दुसरं काही धड चाललंच नसतं. पण सुरुवातीच्या काही आठवड्यांतच एक गोष्ट लक्षात आली. येणाऱ्या बायकांना संगणकाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडे फोन होता, मुलानं जुना दिलेला किंवा हप्त्यानं घेतलेला, आणि त्या फोनच्या आत काय आहे ते त्यांना हवं होतं. संगणकांना खरं काम लागलं ते शाळा-कॉलेजच्या मुलांमुळे. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला तेव्हा तर दहावीचा निकाल लागल्यापासून जिन्यापर्यंत रांग. फोनच्या पडद्यावर कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना मुलं आणि आईबाप दोघंही रडकुंडीला येत होते. मोठा पडदा समोर आला, की शांतपणे वाचून भरायचे.

माणसं मात्र विकत मिळत नाहीत, आणि तीच सर्वांत जास्त लागणार होती. इथं अभ्यासिकेतली मुलं कामी आली. आठवड्यातली एक दुपार मदतीच्या टेबलावर बसायचं, त्या महिन्याची अभ्यासिकेची फी माफ. शिवाय जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटले. या योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तासांचं काम पूर्ण करायचं असतं. झाडं लावणं, रस्ता झाडणं यांबरोबर 'वाचनालयात ज्येष्ठांना मदत' हेही त्या तासांत धरायला त्यांनी होकार दिला. मी त्यांच्याकडे आणखी एक मागणी केली: पाठवाल त्या मुलांत तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी मुलं हवीत. सोलापुरात हे जमतं. महापालिकेच्या शाळाच इथं मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार भाषांत चालत आल्यात.

भाषेचा फरक किती पडतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली एक मावशी मराठी चांगलं बोलते, पण तिचा फोन इंग्रजीत होता. दुकानदारानं दिला तसाच. एका मुलीनं फोनची भाषा तेलुगू केली. मावशी बराच वेळ नुसती पडदा वरखाली करत राहिली, मोठमोठ्यानं वाचत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं मॅडम, हे सगळं मला येतं की!" शाळा तिची तेलुगूतच झाली होती, चौथीपर्यंत.

आता हयातीच्या दाखल्याबद्दल सविस्तर सांगते, कारण आमच्या टेबलाचा पाया तोच आहे. विडी कारखान्यात किंवा गिरणीत ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला गेला, त्यांना कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची पेन्शन मिळते. किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि दाखला भरल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मुदत चुकली, की पेन्शन थांबते. हजार रुपये कुणाला थोडे वाटतील. इथं त्यात महिन्याची औषधं येतात.

'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ पासूनची, पण ती अंगठ्यावर किंवा डोळ्याच्या बुबुळावर चालायची. अंगठा न लागणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा ओळखून दाखला देण्याची पद्धत आली आणि पुढच्या वर्षी ती या पेन्शनलाही लागू झाली. साधा अँड्रॉइड फोन पुरतो. ही गोष्ट आमच्या गल्लीत पोचायला मात्र बराच वेळ लागला, आणि मला वाटतं, सगळं अडतं ते इथंच. सोय निघते, पण ती निघाल्याचं सांगणारं माणूस दारात येत नाही.

पद्धत अशी. फोनमध्ये दोन ॲप घ्यायची, एक 'आधार फेसआरडी' आणि दुसरं 'जीवन प्रमाण'. आधी ऑपरेटरची नोंदणी. ऑपरेटर म्हणजे फोन धरणारा. तो कुणीही असू शकतो, मुलगा, सून, शेजारीण. त्यानं आपला आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल घालायचा, ओटीपी द्यायचा, स्वतःचा चेहरा दाखवायचा. हे त्या फोनवर एकदाच. मग पेन्शनरची पाळी: आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी, नाव, पेन्शनचा प्रकार, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, बँक खातं. शेवटी चेहरा पडद्यावरच्या गोलात धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. जमलं, की प्रमाण क्रमांक येतो. तो वहीत लिहून घ्यायचा.

वाचायला सोपं वाटतं. टेबलावर बसलं, की एकेक अडचण कळते. पीपीओ क्रमांकाचा कागद ट्रंकेत, आणि ट्रंक धाकट्या मुलाकडे. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं. आमच्या कक्षात उजेड मागून यायचा, त्यामुळे चेहरा काळा दिसायचा आणि ॲप नाकारायचं. म्हणून टेबल पूर्वेच्या खिडकीजवळ हलवलं, बसणाऱ्याचं तोंड खिडकीकडे आणि पाठीमागे साधा पांढरा पडदा. चष्मा काढायचा, पदर डोक्यावरून थोडा मागे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना उघडझाप काही केल्या जमेना, तेव्हा आमच्या मुलानं त्यांच्याकडून आधी फोनशिवायच सराव करून घेतला, दोघं समोरासमोर बसून डोळे मिटत-उघडत. नंतर पहिल्याच फटक्यात झालं.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही दाखले काढून देत होतो. लोक खूश होते, आशीर्वाद देत होते, पण पुढच्या वर्षीही ते आमच्याच दारात येणार होते. मला ते नको होतं. माझ्या आईनं मला विडी वळायला शिकवली तेव्हा स्वतः वळून दाखवत बसली नाही. पान माझ्या हातात दिलं आणि माझी बोटं तिच्या बोटांनी धरली. तसंच करायचं ठरलं. स्वयंसेवकानं समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही. बोट दाखवायचं, शब्द वाचून दाखवायचा, थांबायचं. वेळ तिप्पट लागतो. मुलं सुरुवातीला वैतागली, कारण बाहेर रांग दिसत असते आणि आपण चुटकीसरशी करून टाकू शकतो हे त्यांना ठाऊक असतं. पण दुसऱ्या वर्षी काय झालं ते त्यांनीच पाहिलं. दाखल्यासाठी आलेल्या एका आजींची सून आमच्याकडे ऑपरेटर व्हायला शिकली होती. तिनं आपल्या बोळातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे दाखले घरी बसून काढले आणि आम्हाला फक्त सांगायला आली. माझ्या नोकरीतला तो फार मोठा आनंद आहे.

पोस्टाचं सहकार्य नसतं तर अर्धी कामं अडली असती. डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागदपत्रांची फोनमधली पेटी, उघडायचं असो वा कुठलीही ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच जातो. आणि तो नंबर बहुतेकींचा जुना, बंद पडलेला, नाहीतर एखाद्या पुतण्याचा. पोस्टमन आपल्या यंत्रावर आधारचा मोबाइल क्रमांक बदलून देतात, सरकारी शुल्क घेऊन. मी पोस्टमास्तरांना पत्र दिलं, की ठरलेल्या दुपारी एक पोस्टमन आमच्याकडे बसवा. माणसं गोळा करणं, कागद तपासणं, पाणी-खुर्च्या आमच्याकडे. त्यांनाही ते सोयीचं होतं, दारोदार फिरण्यापेक्षा एका जागी काम. आमचे पोस्टमन मामा या भागात वर्षानुवर्षं टपाल वाटतात, कुणाचं घर कुठं आणि कोण कुणाची सून हे त्यांना पाठ. ते टेबलावर बसले, की लोकांची भीती निम्मी होते.

प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते आणि तिचं आर्थिक साक्षरता केंद्र असतं, हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं. त्यांचे समुपदेशक फुकट येतात, फक्त बोलवायला हवं. त्यांनी एटीएम, यूपीआय, नॉमिनी असं सगळं समजावलं. पोलिसांच्या सायबर विभागातल्या एक ताईही आल्या. त्यांनी भाषण आटोपशीर ठेवलं आणि एकच आकडा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला: १९३०. फसवणूक झाली, की लगेच या नंबरला फोन. पैसे पुढं सरकायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते. त्यानंतर काही दिवसांनी एक काकू घाईघाईनं आल्या. पेन्शन बंद होणार, ओटीपी सांगा, असा फोन त्यांना आला होता. त्यांनी तो ठेवून दिला होता. "वाचनालयात विचारून सांगते म्हटलं त्याला," एवढंच त्या म्हणाल्या.

सगळेच शेजारी चांगल्या हेतूनं येतात असं मात्र नाही. एका कंपनीचा माणूस टॅब द्यायला तयार होता; बदल्यात त्याला आमच्या नोंदवहीतली नावं आणि मोबाइल नंबर हवे होते. एकानं टेबलाशेजारी विम्याचा स्टॉल मागितला. मंडळातल्या काहींना टॅबचा मोह झाला, आणि तो मी समजू शकते, पण मी अडून बसले. त्या बायका आमच्याकडे फोन उघडा ठेवतात, पासबुक पुढं करतात. तो विश्वास टॅबच्या किमतीत देण्यासारखा नाही. त्यातून एक पानाचा करार तयार झाला आणि तेव्हापासून प्रत्येक सहकारी संस्थेची त्यावर सही असते. इथं कुणी काही विकणार नाही, याद्या मागणार नाही, कागदांच्या झेरॉक्स ठेवणार नाही. सरकारी शुल्क सोडून पैसा घेणार नाही आणि त्याचीही पावती देणार. माझ्या मते हे पान आमच्या वायफायपेक्षा महत्त्वाचं आहे. ज्या वाचनालयांना असं काही सुरू करायचं असेल, त्यांनी आधी हे लिहून काढावं.

सप्टेंबर २०२५ पासून लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा आमची खरी कसोटी लागली. स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि पती किंवा वडिलांच्या आधारचाही. नवरा कामासाठी पुण्याला, फोन त्याच्याकडे. म्हणजे ओटीपी येईपर्यंत त्याला फोनवर धरून ठेवायचं, आणि तो यंत्रमागावर उभा असला तर आवाजात काही ऐकूच येत नाही. विधवा बायकांची अडचण तर वेगळीच. बाहेर काही ठिकाणी या कामाचे पैसे घेतले जात होते, त्यामुळे गर्दी आमच्याकडे लोटली. बचत गटांच्या ताईंनी तेव्हा वस्तीवार वार ठरवून दिले, चिठ्ठ्या वाटल्या आणि ज्यांचा मोबाइल जोडलेला नाही त्यांना आधीच वेगळं काढून पोस्टमन मामांच्या दिवशी पाठवलं. अभ्यासिकेतली मुलं परीक्षा तोंडावर असतानाही टेबलावर बसली. त्यांतल्या काहींच्या आया त्याच रांगेत होत्या.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. इथं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी आमच्या भागात पाण्याची पाळी, त्या दिवशी टेबलाकडे कुणी फिरकत नाही. ते योग्यच आहे. आम्ही पाण्याचा दिवस विचारूनच पोस्टाची आणि बँकेची तारीख धरतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस तर सुट्टीचेच. एप्रिल-मे मध्ये दुपार असह्य तापते, तेव्हा वेळ संध्याकाळी पाचला सरकवतो आणि खिडकीच्या उजेडाची जागा दिवा घेतो. चेहऱ्याची ओळख तेव्हा जरा कुरकुरते.

आता नवं काम पुढं आलंय. सोलापूरजवळच्या कुंभारीला असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहतंय. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला सुपूर्द झाली. आमच्याकडे येणाऱ्या काही बायका तिकडं राहायला गेल्या. स्वतःचं पक्कं घर मिळालं म्हणून आनंदात आहेत, पण टेबल लांब पडलं. रिक्षा करून यायचं म्हणजे दिवसाची मजुरी जाते. त्यांच्यातल्याच तिघी-चौघी आमच्याकडे ऑपरेटर म्हणून तयार झालेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीच्या घरात रविवारी दुपारी बसायचं ठरलंय. केबलवाल्याचं जाळं तिथं पोचत नाही, तेव्हा मुलांच्या फोनचा हॉटस्पॉट वापरावा लागेल. एक पानाचा करार तिथंही लागू राहील, त्याची तेलुगू प्रत एका स्वयंसेवक मुलीनं लिहून दिली आहे. पोस्टाला पत्र गेलं आहे. पुस्तकांची एक पेटीही सोबत न्यायची, असा आग्रह आमच्या जुन्या कार्यवाहांचा आहे, आणि यादी काढायचं काम त्यांनीच घेतलंय.